पीसीत दोन लॅन कार्डं आणि आयपीचा घोळ - माझा अनुभव

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमधे एक पीसी आहे, विंडोज १०, त्यात दोन लॅन कार्डं. बोर्डावरचं कार्ड ऑफिसच्या स्विचला, इंटरनेट प्रिंटर सगळं त्यावर, आणि वेगळं बसवलेलं कार्ड थेट मशीनच्या पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली त्यात हे वेगळं कार्ड आणि ऑफिसचा राउटर दोन्ही गेले. नवीन कार्ड टाकलं, त्याला जुनाच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.०.५० द्यायला गेलो तर विंडोज म्हणतं हा पत्ता आधीच दुसऱ्या अडॅप्टरला (म्हणजे कार्डाला) दिलाय. अरे कुठल्या, ते कार्ड तर भंगारात पडलंय!

तर होतं काय, कार्ड काढलं तरी विंडोज त्याचं सेटिंग धरून बसतं. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हायसेस, मग नेटवर्क अडॅप्टर्सच्या खाली जुनं कार्ड फिकट दिसतं, राइट क्लिक करून अनइन्स्टॉल. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज साठवलेली असतात तिथे) हात घाला असं सांगणारे बरेच भेटतात, काही गरज नाही.

नव्या कार्डाने पत्ता घेतला एकदाचा, पण मशीनचं सॉफ्टवेअर काही पीएलसीला जोडेना. ऑपरेटर म्हणतो, "सर, पिंग तर होतंय की". पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं. होत होतं खरं, पीएलसीचा पत्ता १९२.१६८.०.१, त्यावरून रिप्लाय येत होते झकास. मग ऑफिसची केबल काढली आणि लगेच मशीन जोडलं गेलं, केबल लावली की परत बंद. दोन्ही वेळा एआरपी -ए (कुठल्या आयपीवर कुठलं उपकरण आहे ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर त्याच आयपीसमोर दोन वेगळे मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणांचे स्वतःचे नंबर, म्हणजे इतका वेळ रिप्लाय देत होता तो पीएलसी नव्हताच, ब्राउझरमधे तो पत्ता टाकला तर नव्या राउटरचं लॉगिन पान उघडलं. जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता, इंटरनेटवाल्याने नवीन बसवला तो जसा डब्यातून आला तसा ०.१ वर, आणि आमचा पीएलसी पण ०.१ वरच.

आता विंडोज राउटरकडेच का जातं? रूट प्रिंट या रस्त्यांची यादी दाखवणाऱ्या कमांडमधे दिसलं, १९२.१६८.०.० साठी, म्हणजे १९२.१६८.० ने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांसाठी, दोन रस्ते, ऑफिसच्या कार्डाचा मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम) २८१ आणि पीएलसीच्या कार्डाचा २९१. ऑफिसचा स्विच गिगाबिट, पीएलसीचं पोर्ट १०० मेगाबिटचं, आणि विंडोज आपोआप वेगवान कार्डाला कमी मेट्रिक देतं. कमी मेट्रिक जिंकतो, विषय संपला.

मेट्रिक हाताने बदलता येतो पण मग इंटरनेट बोंबलू शकतं, कारण राउटरचा पत्ता पण तोच. पीएलसीचा बदलायचा तर प्रोग्रॅमवाला बोलवा, मशीन थांबवा, कोण करणार. राउटरच परत १९२.१६८.१.१ वर नेला, पाच मिनिटांचं काम, आणि प्रिंटरला जुना फिक्स आयपी होता म्हणून तो पण रुसला होता तो आपोआप चालू झाला. मशीनच्या कार्डाचा गेटवेचा (बाहेरच्या नेटवर्ककडे जायच्या दाराचा) रकाना रिकामाच ठेवलाय, पीएलसीच्या पलीकडे जायचंच नाहीये कुठे.