नेक्सॉन, चोर्ल्याचा घाट आणि दिवाडीची फेरीबोट

चवथीला दादा पुण्याहून टाटांची नवी छोटी एसयूव्ही, नेक्सॉन, घेऊन आला. आंबोलीमार्गे सावंतवाडी, तिथून गोव्यातलं आमचं फोंडा. उतरल्या उतरल्या त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता परत जाईपर्यंत तूच चालव. तुमच्या इकडच्या रस्त्यांवर समोरून बस आली की माझं बीपी वाढतं." मला काय, आयती गाडी मिळाली. चवथीच्या बाजारापासून चोर्ल्यापर्यंत आणि दिवाडीपासून मयेपर्यंत ती मनसोक्त फिरवली. कागदावरची गाडी आणि गोव्याच्या रस्त्यावरची गाडी यांत काय फरक पडतो ते लिहून ठेवते. घ्यायच्या विचारात असलेल्या कुणाच्या तरी कामाला येईल.

गाडी डिझेलची. सहा गियर, हाताने बदलायचे. इंजिन १४९७ सीसी, ताकद ११५ पीएस. पण दादा सारखा ऐकवत होता तो आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढण्याच्या जोराचा: २६० न्यूटन मीटर, तोही १५०० ते २७५० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पट्ट्यात. त्याचं महत्त्व घाटात कळलं, त्याबद्दल पुढे. लांबी ३९९५ मिलिमीटर. या वर्गातल्या सगळ्याच गाड्या चार मीटरच्या जेमतेम आत येऊन थांबतात, कारण सवलतीचा कर तिथपर्यंतच आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन, असा तो हिशेब. हाच कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी उपकर धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के पडत होते. दादाने गाडी उन्हाळ्यात घेतली. हा विषय आमच्याकडे जेवताना काढायचा नाही असं ठरलं आहे.

पहिली परीक्षा माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीच्या बाजारात. फोंड्यात चवथीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन जाणं हा शहाणपणा नव्हे, पण आईला सगळं एका खेपेत हवं होतं. नारळांची पेंड, सुपारीची शिपटी, चिबूड, निरफणस, तोरिंजन, कवंडळं, शिवाय फुलं आणि केळीचे दोन घड. डिकी ३८२ लिटरची आहे, म्हणजे किती, ते आकड्यावरून मला कधीच कळलं नव्हतं. आता सांगते: एका घरची माटोळी आणि वर वहिनीची बॅग. शिपटी मात्र आडवी ठेवून चालत नाही, सुपाऱ्या गळतात. तेव्हा मागच्या सीटचा एक भाग पाडून ती उभी टेकवली आणि भाच्याला शेजारी पहारेकरी म्हणून बसवलं.

आईने गाडी पास केली ती वेगळ्याच कारणासाठी. तिचे गुडघे दुखतात. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये तिला खाली 'पडावं' लागतं आणि बाहेर येताना कुणीतरी हात द्यावा लागतो. इथे सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. साडी सावरायची, बाजूने टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. दादाने तिला सांगितलं की ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत या गाडीला २०१८ मध्ये पाच तारे मिळाले होते, नव्या कडक नियमांखाली २०२४ मध्ये पुन्हा पाच मिळाले, आणि आता सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत येतात. आई म्हणाली, "पाच तारे हॉटेलाला असतात. मला उतरताना त्रास झाला नाही, तेवढं पुरे."

दीड दिवसांचा गणपती पोचवून झाल्यावर चोर्ल्याला निघालो. खांडेपार, उसगावचं तिस्क, मग होंडा. या होंडा गावात बसच्या बॉडी बांधणारा जुना कारखाना आहे, आणि तो टाटांशी संबंधित. नाव होंडा, काम टाटांचं. नेक्सॉन स्वतः रांजणगावची, म्हणजे दादाच्या पुण्याकडची. त्याने तो विषय होंडा ते केरी पुरवला.

केरीच्या पुढे चढ लागतो. उजवीकडे-डावीकडे वळता वळता मध्येच झाडी उघडते आणि खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं. पावसाळ्यात दिसेलच याची खात्री नाही. आम्हाला ते एका वळणावर दिसलं आणि पुढच्या वळणावर धुकं इतकं दाटलं की बोनेटच्या पुढे काही नव्हतं. अशा वेळी २६० न्यूटन मीटर म्हणजे काय ते पायाला कळतं. दुसरा गियर टाकून ठेवायचा, काटा दोन हजाराच्या आसपास राहू द्यायचा, आणि पाच माणसं भरलेली गाडी एसी चालू असताना कुरकुर न करता चढते. मागून लाइट मारणाऱ्या गाड्यांसाठी उगाच तिसरा टाकावा लागत नाही. समोरच्या ट्रकला ओलांडायचं झालं तर पाय दाबल्यावर गाडी लगेच पुढे येते.

पण हा सगळा प्रकार १५०० च्या वरचा. अगदी आवळलेल्या वळणावर ट्रकमुळे जवळजवळ थांबावं लागलं, काटा खाली आला, आणि मी दुसऱ्यावरच रेटायला गेले तर गाडी क्षणभर विचारात पडली. टर्बोवाल्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेल्या, डिझेलचा हा स्वभावच आहे. टर्बो जागा होईपर्यंत पुढे फक्त दीड लिटरचं इंजिन असतं. अशा ठिकाणी लाज न बाळगता पहिला टाकावा. उतरतानाही तेच: ज्या गियरवर चढलो त्याच गियरवर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. दादा सहाव्या गियरचं कौतुक सांगत होता. अख्ख्या घाटात मी चौथ्याच्या वर गेले नाही.

सहावा गियर शेवटी सापडला तो हायवेवर, जुवारीच्या नव्या आठ पदरी पुलावर. तिथे गाडी सरळ जाते, आवाज कमी येतो, वारा आला तरी हलत नाही. हायवेवर आजकाल सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात, त्यामुळे याबद्दल जास्त लिहीत नाही.

खरी गंमत दिवाडीची. वहिनीला नार्व्याचं सप्तकोटेश्वर पाहायचं होतं. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगिजांनी १५४० च्या सुमारास पाडलं. लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. दारावर तसा शिलालेख आहे. डिचोलीकडून सरळ रस्त्याने जाता येतं, पण मी म्हटलं, देव ज्या बेटावरून गेला त्या बेटावरूनच जाऊ. म्हणजे जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट धक्क्यावर उतरतो. मांडवीला भरती-ओहोटी असते आणि फेरीबोटीची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते, त्यामुळे तो कोन दर तासाला बदलतो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं. म्हणजे आधी काँक्रीटचा उतार, त्यावर फळीची धार, आणि फळीचा चढ उलट्या दिशेने. मध्ये नेमका खोलगट भाग. आमच्या पुढच्या सेडानचा खालचा ओठ तिथे खरवडला. तो आवाज ऐकून दादाने डोळे मिटून घेतले. नेक्सॉनला जमिनीपासून २०८ मिलिमीटर मोकळी जागा आहे, पण इथे तेवढ्यावर भागत नाही. बंपर पुढे किती लोंबतो हे जास्त महत्त्वाचं. हिचं नाक आखूड आणि वर उचललेलं आहे. किंचित तिरकी घेतली, एक चाक आधी फळीवर, मग दुसरं, आणि कुठेही न टेकता आत गेली.

"फुडें, फुडें... आनीक मात्शें... पुरो!" फेरीवाल्याने बोनेटवर थाप मारली. पुढच्या स्कूटरच्या नंबरप्लेटपासून आम्ही वीतभर लांब. दादाच्या टॉप मॉडेलमध्ये चारी बाजूंचे कॅमेरे आहेत, पडद्यावर गाडी वरून दिसते. मी तो पडदा बघितलाच नाही, फेरीवाल्याच्या हाताकडे बघत होते. त्याचा अंदाज कॅमेऱ्याच्या वरताण.

बाहेर निघताना चढ होता. सगळ्यांच्या आधी दुचाकीवाले सुटतात, ते गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे घुसतात, आणि तुम्हाला त्या चढावर थांबून राहावं लागतं. हिल होल्ड इथे उपयोगी पडला. ब्रेकवरून पाय काढल्यावरही दोन-तीन सेकंद गाडी मागे येत नाही, तेवढ्यात क्लच सुटतो. हँडब्रेकची कसरत नाही. यादीतली बरीच वैशिष्ट्यं दाखवण्यापुरती असतात, ही तशी नाही.

दिवाडीचे रस्ते म्हणजे एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला उघडं गटार किंवा खाजन (खाऱ्या पाण्याकाठची सखल शेतजमीन). आणि मध्येच समोरून मिनीबस. १८०४ मिलिमीटर रुंदी शहरात जाणवत नाही, इथे गाडी अंगात घट्ट झालेल्या झंपरासारखी वाटते. आरसे मिटायचे, डावीकडची चाकं गवतावर घ्यायची, आणि गवताखाली जमीन आहे की नुसतंच गवत, हे खिडकीतून मान बाहेर काढून बघायचं. इथे मात्र कॅमेऱ्याने हात दिला. डावा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचं चित्र पडद्यावर येतं, त्यात गटाराची कड स्पष्ट दिसली. या वर्गाच्या वरची, आणखी रुंद गाडी घेऊन बेटांवर आणि वाड्यांत फिरणाऱ्यांना माझा दंडवत. आमच्याकडच्या वाटांना हीच शेवटची मापाची.

नार्व्याहून मयेला मावशीकडे. तिच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) उतरणारी वाट कच्ची, तांबड्या मातीची, त्यात आदल्या रात्री पाऊस. जाताना उतार असल्याने काही वाटलं नाही. निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं. एसयूव्ही म्हटलं तरी या गाड्या पुढच्या दोन चाकांवर चालतात. उंची आहे म्हणून चिखलातून ओढ मिळेल असं नाही. चढावर वजन मागे जातं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. मावशीचा शेजारी कोयता हातात घेऊन बघत उभा होता. म्हणाला, "बाय, मात्शी फाटीं घे. दुसरो गियर घाल. चड रेस नाका." तसंच केलं. दहा-बारा फूट मागे घेतली, आईला उतरवण्याऐवजी पुढच्या सीटवर बसवलं, वहिनी आणि भाचा चालत वर गेले, आणि दुसऱ्या गियरवर संथ लयीत गाडी निघून आली. पहिल्या गियरवर चाकाला गरजेपेक्षा जास्त जोर मिळतो, म्हणून ते घसरतं.

आता काही किरकोळ. या वर्गातल्या नव्या गाड्यांतून बटणं हद्दपार होत चालली आहेत आणि एसीसुद्धा काचेला बोट लावून चालवायचा असतो. पावसाळी गोव्यात बोटं कायम ओली, काचेवर वाफ. रस्त्यावरची नजर काढल्याशिवाय ते जमत नाही. छपरातल्या काचेच्या खिडकीबद्दल तर बोलायलाच नको. श्रावण-भाद्रपदात ती उघडता येत नाही, चैत्र-वैशाखात उघडवत नाही. भाच्याला त्यातून डोकं बाहेर काढायचं होतं. आत्याने एकदाच बघितलं, विषय संपला.

डिझेल घाटात लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर देत होतं, हायवेवर वीस ओलांडलं. टाकी ४४ लिटरची, त्यामुळे पुण्याहून निघून फोंड्यात पोचेपर्यंत पंपावर थांबावं लागत नाही.

एवढं सगळं असून, मला घ्यायची झाली तर मी डिझेल घेणार नाही. दादाला ते पटलं नाही, पण माझं रोजचं जाणं फोंडा ते कवळे, कधी म्हार्दोळपर्यंत. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती जाळी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ चांगल्या वेगाने पळावी लागते, तेव्हा कुठे काजळी जळण्याइतकी उष्णता तयार होते. चार किलोमीटर जाऊन इंजिन बंद, पुन्हा चार किलोमीटर, असं चाललं की ती तुंबते आणि दिवा लागतो. मग गाडीसाठी म्हणून मला आठवड्याला पणजी-मडगाव करत बसावं लागेल. त्यापेक्षा पेट्रोल बरं: ११९९ सीसी, १२० पीएस, १७० न्यूटन मीटर. चोर्ल्यात एक गियर जास्त बदलावा लागेल, बदलीन. मधलं मॉडेल, छपराची खिडकी नको, कॅमेरा हवा. हिल होल्ड त्यातही मिळतो, आणि आईच्या गुडघ्यांना इंजिन कुठलं आहे याने फरक पडत नाही.