‘हॅड’ कधी लावायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंदुरात, रामबागेत, मी पंचवीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेते आहे. शाळकरी पोरांपासून नोकरदारांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘बाई, हॅड नेमकं कधी लावायचं?’

चूक कुठून येते ते मला रोज ऐकू येतं. घरात आपण म्हणतो, ‘काल मी उज्जैनला गेले होते.’ उंबरा ओलांडला की हिंदीतही तेच, ‘कल मैं उज्जैन गई थी.’ दोन्ही भाषा एकाच बाजूला ओढतात, मग तोंडातून ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू उज्जैन’ निघणारच. तिथं साधं ‘आय वेन्ट’ हवं.

आपलं ‘होते’ दोन कामं करतं. ‘गेले होते’ म्हटलं की जाऊन परतही आले, हे न सांगता कळतं. दुसरं काम म्हणजे होऊन गेलेल्या दोन गोष्टींतली आधीची कोणती ते दाखवणं. ‘आम्ही पोचलो आणि अवंतिका एक्सप्रेस सुटली,’ म्हणजे डोळ्यांदेखत गाडी हलली, धावत डबा गाठता आला असता. ‘आम्ही पोचलो तेव्हा अवंतिका सुटली होती,’ म्हणजे रिकामा फलाट. इंग्रजी ‘हॅड’ यातलं फक्त दुसरं काम करतं: ‘द ट्रेन हॅड लेफ्ट.’ त्यामुळे नुसतं ‘हॅड गॉन’ ऐकलं की समोरचा थांबतो. गेली होतीस, बरं, आणि त्यानंतर काय झालं?

माझ्या एका विद्यार्थिनीला मुलाखतीत हेच भोवलं. ती म्हणाली, ‘आय हॅड कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2022.’ समोरच्या बाईंनी विचारलं, ‘बिफोर व्हॉट?’ कशाच्या आधी? पोर घाबरली, तिला वाटलं आपल्या डिग्रीवरच शंका घेतली. तिथं ‘कम्प्लीटेड’ एवढंच पुरलं असतं.

‘आय हॅड पोहे’मधलं हॅड मात्र वेगळं. ते ‘हॅव’चं साधं भूतकाळी रूप आहे, म्हणजे खाल्ले. ते बिनधास्त म्हणा. आणि ‘ती आली तेव्हा माझे पोहे खाऊन झाले होते’ असं सांगायचं असेल, तर ‘आय हॅड हॅड पोहे’ म्हणायला लाजू नका. दोन्ही हॅड आपापल्या जागी बरोबर आहेत.

गेल्या महिन्यात एका मुलानं अर्जाचा मसुदा दाखवायला आणला. त्यात ओळ होती, ‘माय फादर हॅड एक्सपायर्ड इन 2019.’ मी नियम काढला नाही. विचारलं, ‘हेच मराठीत कसं सांगतोस?’

‘बाबा 2019 मध्ये गेले.’

‘गेले होते, असं नाही म्हणत?’

तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘नाही बाई. तसं म्हटलं तर परत आल्यासारखं वाटतं.’

मग त्यानं पेन घेतलं आणि ‘हॅड’ खोडलं. ‘एक्सपायर्ड’ मी राहू दिलं.