प्रशिक्षकाच्या कोर्ससाठी स्कीचं सामान निवडताना

स्की प्रशिक्षकाच्या कोर्सची तयारी सुरू झाली की पहिला ओढा स्कीकडे जातो. मी आधी बूट पक्के केले आणि वेळ आणि पैसा दोन्हींचा मोठा वाटा त्यांवरच घातला. या कोर्समध्ये स्नोप्लाऊपासून (स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून) पॅरललपर्यंतची (दोन्ही स्की समांतर ठेवून) वळणं हळू, नेमकी आणि समोरच्याला नीट दिसतील अशी करून दाखवायची असतात. घोटा हलला की ती हालचाल बुटातूनच स्कीपर्यंत जाते. टाच आत सरकत असेल, तर कितीही भारी स्की घ्या, ती उशिराच वळणार.

बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये, म्हणजे तळपायाच्या लांबीइतक्या सेंटीमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच टेकवून, वजन टाकून उभं राहायचं आणि दोन्ही पाय मोजायचे. बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 चं शेल, म्हणजे बाहेरचं कडक प्लास्टिकचं कवच, एकच असतं, म्हणून अर्ध्या नंबरावर डोकं खपवू नका. लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा, रिकाम्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढे जेमतेम टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. यासाठी 10 आणि 15 मिमी जाडीच्या दोन लाकडी कांड्या पुरतात. 10 ची आत गेली आणि 15 ची अडली, की लांबी बरोबर. भाड्याच्या बुटात ही जागा बऱ्याचदा अडीच-तीन सेंटीमीटर असते. त्यात आराम वाटतो, पण नियंत्रण जातं.

मग लायनर घालून, एकच पातळ मोजा चढवून, बकल लावायची. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे झुकवल्यावर थोडी मागे आली पाहिजेत. दुकानात निदान वीस मिनिटं बूट पायात ठेवा. चवड्याच्या बाजूला किंवा घोट्याच्या हाडावर एकाच जागी टोचत असेल, तर तिथलं प्लास्टिक तापवून बाहेर फुगवता येतं. शेल मुळात मोठं असेल, तर मात्र त्यावर पुढे इलाज नाही. लायनर वापरून दबतो, त्यामुळे आज ‘अगदी छान बसला’ वाटणारा बूट कोर्सच्या मध्यावर ढिला होतो.

शेल फुगवून घेण्याआधी पायाच्या मापाचा इनसोल बनवून घ्या. आधार नसला की पायाची कमान खाली बसते, पाय लांबतो आणि रुंदावतो. त्या अवस्थेत शेल ताणलं, तर इनसोल घातल्यावर तीच जागा सैल पडते. कफ, म्हणजे बुटाचा नडगीभोवतीचा वरचा भाग, डावी-उजवीकडे कलवायचे स्क्रू असतील, तर तेही इनसोलनंतरच फिरवायचे. बुटाची रुंदी साधारण 98 मिमी म्हणजे अरुंद, 100 मध्यम, 102 आणि पुढे रुंद. हा आकडा सहसा 26.5 मापाच्या बुटाचा असतो, लहान मापात रुंदीही कमी होते.

आता फ्लेक्स, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे ते. या आकड्याला सगळ्या कंपन्यांत मिळून एक मानक नाही. एकाचा 110 दुसऱ्याच्या 120 इतका कडक निघतो. शिवाय थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं, त्यामुळे दुकानाच्या उबेत जेमतेम वाकणारा बूट उतारावर वाकणारच नाही. मध्यम वजनाच्या पुरुषाला 110 ते 120, स्त्रीला 90 ते 110 या पट्ट्यात शोधायला सुरुवात करावी. माझ्या मते 130 चा बूट बरेच जण मिरवायलाच घेतात. स्नोप्लाऊ दाखवताना त्यात घोटा वाकत नाही आणि शरीर मागे बसतं.

तळ कोणता हेही बघून घ्या. साधा अल्पाइन तळ आयएसओ 5355 या मानकाचा, ग्रिपवॉक हा चालायला वक्र केलेला तळ आयएसओ 23223 चा. ग्रिपवॉक चालायला सोपा, पण बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, त्याला चालणारंच हवं. नाहीतर पडल्यावर बूट वेळेवर सुटेल याची खात्री नाही.

स्कीच्या बाबतीत एकच जोडी घ्यायची, तर कंबर, म्हणजे स्कीची मधली सर्वांत कमी रुंदी, 68 ते 74 मिमी आणि वळणाची त्रिज्या 14 ते 16 मीटर. लांबी हनुवटी ते नाकाच्या दरम्यान. त्रिज्या बहुधा स्कीवरच छापलेली असते. स्लालोम रेसची 12-13 मीटरची स्की छोट्या वळणांत मजा आणते, पण मोठं वळण दाखवताना ती सतत आत ओढते. 90 मिमीच्या वरची रुंद स्की कडक पिस्टवर (यंत्राने दाबून तयार केलेल्या उतारावर) एका कडेवरून दुसरीवर सावकाश जाते. मऊ बर्फाच्या दिवसांपुरती ती भाड्याने आणलेली बरी.

बाइंडिंगचा आकडा, म्हणजे ते किती जोरावर बूट सोडेल ते, तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून निघतो. आपला आकडा 7 येत असेल, तर 3 ते 10 किंवा 4 ते 12 चं बाइंडिंग घ्यावं, म्हणजे स्प्रिंग मधल्या पट्ट्यात राहते. बूट बदलला की तळाची लांबी बदलते. तेव्हा आकडा आणि पुढचा दाब (टाचेच्या भागाने बुटाला पुढे रेटायचा जोर) दोन्ही पुन्हा तपासायचे.

नव्या स्कीचा बेस, म्हणजे बर्फावर घसरणारा खालचा पृष्ठभाग, मी उजेडासमोर बघून घेतो. स्टीलची पट्टी बेसच्या रुंदीवर आडवी, काठावर उभी अशी धरायची. मधोमध उजेड दिसला आणि कडांपाशी नाही, तर कडा उंच आहेत. अशी स्की हळू फिरवताना अडकते, घसरत नाही, आणि स्नोप्लाऊ तर अगदी धसमुसळा दिसतो. दोष तंत्रात शोधत बसण्यापेक्षा बेस मशीनवर सपाट करून घ्या. कडेला बेसकडून 1 अंश आणि बाजूने 88 अंश हे बहुतेकांना पुरतं. रोज संध्याकाळी कडा पुसून कोरड्या करा आणि डायमंड स्टोनचे दोन-तीन हात फिरवा. फाइल क्वचितच लागते. बेस पांढरट दिसू लागला की वॅक्स लावायची वेळ झाली. इस्त्रीतून धूर निघाला तर ती जास्त तापली आहे.

पोल, म्हणजे हातातली काठी, उलटा धरून बास्केटच्या (टोकाजवळच्या चकतीच्या) खाली मूठ धरावी. कोपर काटकोनात आलं की उंची बरोबर. कार्बनपेक्षा ॲल्युमिनियम बरं, ते वाकतं पण सहसा एकदम तुटत नाही. हेल्मेट ईएन 1077 प्रमाणित असावं. गॉगलला ढगाळ दिवसासाठी एस1 आणि उन्हासाठी एस3 अशा दोन काचा ठेवा.

कपड्यांत एक गोष्ट सुटते. कोर्समध्ये बराच वेळ इतरांची वळणं बघत उभं राहावं लागतं, त्यामुळे अंगात हालचालीपुरती ऊब धरून चालत नाही. एक जादा पातळ जॅकेट पाठीवरच्या पिशवीत टाका. पिस्टबाहेर जायचं असेल, तर हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधायला ट्रान्सीव्हर (रेडिओ संकेत देणारं-पकडणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) हवेत. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर चालतो आणि शोधताना मोबाइल त्याच्यापासून निदान 50 सेंमी लांब हवा.

रात्री लायनर काढून वेगळे वाळवायचे, हीटरला टेकवायचे नाहीत. बूट ठेवताना बकल हलकी लावून ठेवा, नाहीतर शेल उघडंच आकार धरतं. पिशवीत पोझिड्राइव्ह (फुलीचाच एक वेगळा प्रकार) 3 नंबरचा स्क्रूड्रायव्हर असू द्या. बाइंडिंगच्या स्क्रूला साधा फुली स्क्रूड्रायव्हर नीट बसत नाही आणि खाच झिजवून ठेवतो.