ओम्नीमागे होडी

शास्त्री नदीच्या खाडीकाठी आमचं घर आहे. घरापासून धक्क्यापर्यंत सातशे मीटरची गाडीवाट. मध्ये एक उतार, दोन आंब्याच्या बागा आणि शेवटी खाजण. आमची चौदा फुटी फायबरची होडी दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस या वाटेने घरी येते आणि पाऊस ओसरला की परत पाण्यात जाते. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद होते आणि एकदा खाडीला पूर आला की धक्क्याला बांधलेली होडी राहील याचा भरवसा नसतो. त्यामुळे ती वर काढावीच लागते.

पूर्वी काकांनी हाक मारली की दहा माणसं जमायची. ओंडक्यांवरून सरकवत, जिथे ओंडके चालत नाहीत तिथे उचलून, तासाभरात होडी खळ्यात यायची. चहा आणि पोहे झाले की तीच माणसं दुसऱ्याच्या होडीला हात लावायला जायची. आता वाडीतली अर्धी घरं गणपतीत आणि शिमग्यातच उघडतात. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मोजून चौघे उरलो होतो: काका, शेजारचे अण्णा, मी आणि माझा पुतण्या. काका आणि अण्णा दोघेही सत्तरीपुढचे. त्यांच्या खांद्यावर होडी देणं मला पटेना, आणि होडी विकणं काकांना पटेना.

दारात जुनी मारुती ओम्नी होती. 796 सीसीचं इंजिन, पण एक गोष्ट आमच्या कामाची: ओम्नीची मागची चाकं ओढतात. मागे वजन जोडलं की ते त्याच चाकांवर येतं आणि चढावर पकड वाढते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं अशा वेळी उलटं होतं, मागे भार पडला की पुढची चाकं हलकी होऊन जागेवर फिरायला लागतात.

नाक्यावरच्या वेल्डरकडून लोखंडी चौकोनी पाइपची ट्रॉली करून घेतली. चाकं मुद्दाम ओम्नीचीच, बारा इंची. म्हणजे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. पैसे वाचवायचे म्हणून पहिल्या वर्षी ओढदांडी केली नाही. ट्रॉली दोराने ओम्नीला बांधली आणि निघालो. सपाटीला आणि चढावर काही अडलं नाही. बागेजवळच्या उतारावर मी ब्रेक दाबला, ओम्नी थांबली आणि ट्रॉली थांबली नाही. दोर ढिला पडला आणि अडीचशे किलोंचा ऐवज मागच्या दारावर येऊन आदळला. पुतण्या एका बाजूने चालत होता, तो दोन पावलं बांधाकडे सरकला म्हणून वाचला. त्या क्षणाची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो. दोर फक्त ओढतो, थोपवत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात दांडी बसवून घेतली. आसापासून टोकापर्यंत दहा फूट, टोकाला जाड कडी. ओम्नीच्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी खीळ, खिळीला स्प्लिट पिन, आणि खीळ तुटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून वेगळी साखळी. खिळीचा पट्टा बंपरला जोडलेला नाही, कारण तो पत्रा आहे. खालच्या चासीला दोन्ही बाजूंना बोल्टने घट्ट केला आहे.

आता सगळं झालं असं वाटत होतं. होडी चढवली, दोर आवळले, तेवढ्यात अण्णा आले. अण्णांनी तरुणपणी बारा-पंधरा वर्षं बैलगाडी हाकली आहे. त्यांनी दांडीचं टोक एका हाताने उचललं, खाली ठेवलं, परत दोन बोटांनी उचललं.

"उलाळ आहे रे गाडी. बैल असते तर चढावर जू वर गेलं असतं त्यांचं."

मला वाटलं, दांडी हलकी लागते ते चांगलंच, ओम्नीवर भार कमी. अण्णा मानेनात. मागे भार जास्त असलेली गाडी सरळ चालत नाही, शेपूट हलवत चालते, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही मोजायचं ठरवलं. काजू बी तोलायचा लटकता काटा आणला, तो आंब्याच्या फांदीला अडकवला आणि दांडीचं टोक ओम्नीच्या खिळीएवढ्या उंचीवर काट्याला टांगलं. नऊ किलो. होडी आणि ट्रॉली मिळून वजन अडीचशे. अशा दोनचाकी ट्रॉलीत एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त दांडीवर असावा लागतो, म्हणजे आमचा हिशेब पंचवीस-तीस किलोंचा. होडी एक फूट पुढे सरकवली आणि काटा अठ्ठावीसवर गेला. एकशे नव्वद किलोंची होडी, दहा फुटांची दांडी, एक फूट पुढे म्हणजे एकोणीस किलो वाढणार, हे नंतर कागदावरही जुळलं. अण्णांनी पुन्हा दांडी उचलून पाहिली आणि मान डोलावली. फार पुढे सरकवली तर गाडी धुरजड होते, ओम्नीचं ढुंगण बसतं आणि स्टेअरिंग हलकं लागतं, तेही नको. जिथे होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आली तिथे ट्रॉलीवर एक आडवा ठोकळा वेल्ड करून त्याला टायरचा तुकडा मारला. आता होडी दरवर्षी त्याच जागी टेकते, मोजावं लागत नाही.

वजनाचं बोलतोच आहे तर बूच विसरू नका. होडीच्या तळाला पाणी काढायचं भोक असतं. तळाशी चार बादल्या पाणी राहिलं तर पन्नास-साठ किलो वाढतात, आणि ते पाणी चढाला मागे व उताराला पुढे धावतं. सगळा तोल बिघडतो. होडी ट्रॉलीवर आली की आधी बूच काढायचं, पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग हलायचं. आउटबोर्ड मशीन उतरवून ओम्नीत, पेट्रोलची टाकी वेगळी.

मागे घेणं मला सर्वात जड गेलं. ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टेअरिंग डावीकडे, आणि चूक सुधारायच्या आत ट्रॉली कात्रीसारखी दुमडते. भात कापलेल्या कोरड्या मळ्यात दोन संध्याकाळी रिकामी ट्रॉली घेऊन सराव केला. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. मग हात ज्या बाजूला जातो, त्या बाजूला ट्रॉली जाते. एवढ्याने अर्धा गोंधळ मिटतो.

वेळ मात्र खाडी ठरवते. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर करतात, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. आम्ही त्रयोदशी धरतो. तेराची पाऊणपट पावणेदहा. ऊन चढायच्या आत काम होतं, आणि पौर्णिमा-अमावस्या जवळ असल्यामुळे पाणी धक्क्याच्या उतारावर बरंच वर येतं. नऊला सगळ्यांनी हजर राहायचं. एकदा ओहोटी लागली की उतारावरचा हिरवा, बुळबुळीत पट्टा उघडा पडतो, आणि त्यावर माणूस उभा राहत नाही तिथे टायर काय राहणार.

म्हणून ओम्नी त्या पट्ट्यावर न्यायचीच नाही, हे आम्ही पक्कं केलं आहे. गाडी वर, कोरड्या जमिनीवर. ट्रॉली सोडून, दोराने धरून, हातांनी पाण्यात उतरवायची. होडी तरंगत तिच्यावर आणायची, नाळ ठोकळ्याला टेकली की बांधायची. मग कप्पी. ट्रॉलीच्या कडीला कप्पी, दोराचं एक टोक धक्क्यावरच्या दगडी खुंटाला पक्कं, दोर कप्पीतून फिरून ओम्नीला. ओम्नी दोन मीटर गेली की ट्रॉली एक मीटर वर येते, पण ओढ निम्मीच लागते. क्लच जळल्याचा वास येत नाही, आणि सगळं इतकं सावकाश होतं की कोणी "थांब" म्हटलं तर थांबता येतं. पुतण्या प्रत्येक हातभर अंतराला चाकामागे दगड सरकवत येतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला तर चाबकासारखा येतो. हा नियम मी काकांनाही मोडू देत नाही.

वर आल्यावर खीळ, पिन, साखळी, आणि पहिल्या गिअरमध्ये घराकडे. ट्रॉलीला ब्रेक नाहीत, म्हणून उतारावर गाडी गिअरवरच उतरवायची, क्लच दाबायचा नाही, ब्रेकला पाय नुसता टेकवून ठेवायचा. चालत्या माणसाच्या पुढे जायचं नाही, एवढाच वेग. डांबरी रस्त्यावर आम्ही ट्रॉली काढत नाही, त्यासाठी तिची रीतसर नोंदणी लागते. होडी दुरुस्तीला दुसऱ्या गावी न्यायची असली तर छोटा हत्ती सांगतो.

घरी पोचलो की पहिलं काम विहिरीचं पाणी. चाकं, आस, बोल्ट, सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. खारं पाणी एका पावसाळ्यात बेअरिंग खाऊन टाकतं. पहिल्या वर्षी मी हे दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि ऑगस्टमध्ये उजवं चाक फिरेचना. आता धुऊन, सुकवून, बेअरिंग उघडून ताजं ग्रीस भरतो, मगच जेवायला बसतो.

यंदा सव्वाअकराला होडी खळ्यात आली होती. पुतण्याने खाली विटा लावून ट्रॉलीचा भार चाकांवरून काढला. अण्णांनी विणलेले झाप आम्ही दुपारी वर टाकले आणि काथ्याने बांधले. काका तोवर होडीच्या बाजूला स्टूल घेऊन बसले होते, कडेवर हात ठेवून. होडी शाकारून झाल्यावर त्यांनी माझ्याकडून बूच मागून घेतलं, धोतराला पुसलं आणि पडवीतल्या खिळ्याला, पंचांगाच्या शेजारी टांगलं.