बोट उठेना

शिमगा आटपून चाकरमानी परत निघाले की आमच्या विमानतळावर दुपारच्या फ्लाइटला पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवसांतली गोष्ट. मी पास सेक्शनला आहे. विमानतळावर काम करणाऱ्याला आत शिरायला प्रवेश परवाना लागतो, त्याला आम्ही एईपी म्हणतो. त्याची कागदपत्रं तपासायची, फोटो काढायचा, बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद घ्यायची, हे माझं काम. नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे, गेटवर सुरक्षा दलाचा जवान, मधल्या मधे आम्ही.

गेटवरून फोन आला. "मॅडम, क्रू का फिंगर नहीं ले रहा, जरा आइए."

असे फोन नेहमीचेच. लोडर मुलांचे हात घामाने ओले असतात, कुणाच्या बोटाला सिमेंट लागलेलं असतं. पुसून पुन्हा ठेवलं की दिवा हिरवा होतो. क्रूचं नाव मात्र सहसा येत नाही. क्रीम लावून जपलेले हात ते.

गेटवर केबिन क्रूची मुलगी उभी होती. अंबाडा, लिपस्टिक, सगळं जागच्या जागी. तिच्या सोबतच्या तिघी पलीकडे जाऊन थांबल्या होत्या. उजवी तर्जनी ठेवली, लाल. डावी ठेवली, लाल. जवान तिला नावाने ओळखतो, तरी सोडेना. त्याचं बरोबरच होतं म्हणा. ओळखीवरच सोडायचं तर यंत्र कशाला बसवलंय?

मी तिचा हात हातात घेतला. नखांना एकसारखं नेलपेंट. हात उलटा केला तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींची टोकं कडेने काळपट, मधली साल निघालेली, आणि खालून आलेली कातडी गुलाबी, गुळगुळीत.

"काजी सोललंस काय गो?" माझ्या तोंडून मालवणीच आलं.

"ओले," ती म्हणाली. "घरात पावणे इल्ले. आजयेन टोपलीच पुढ्यात ठेवल्यान."

ओला काजू चिरून काडीने गर काढताना टरफलातलं तेल बोटांना लागतं. ते भाजून काढतं. कातडी आधी काळी पडते, मग आठवडाभरात सोलून निघते. हाताला खोबरेल नाहीतर राख फासून बसतात आमच्याकडे, तरी लागायचं ते लागतंच. ठशाच्या रेषांचं मूळ आतल्या त्वचेत असतं, म्हणून वरची साल गेली तरी महिन्याभरात तोच ठसा परत येतो. पण यंत्राला आजचं बोट हवं. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, या खुणा ते जुळवतं, आणि हिच्या बोटावर रेषाच उरल्या नव्हत्या. काजूच्या दिवसांत माझ्या आईचा रेशन दुकानात अंगठा उठत नाही तो याच पायी.

हे सगळं मी जवानाला हिंदीत सांगितलं. त्याने मान डोलावली आणि जागचा हलला नाही.

एव्हाना विमान कंपनीचा माणूस वॉकीटॉकी घेऊन पळत आला. हिला वगळून जाता येणार नाही हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक. दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू लागतो. 180 आसनांचं विमान म्हणजे चौघी हव्याच. बदली मुलगी मुंबईहून मागवायची तर संध्याकाळ. "पॅसेंजर चेहरा दाखवून आत जातात आणि आमची मुलगी बोटापायी अडते," तो करवादला. डिजियात्रा म्हणायचं होतं त्याला. ती 1 डिसेंबर 2022 ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली, पण ती प्रवाशांसाठी, आणि तीही ऐच्छिक. प्रवासी एका तिकिटापुरता आत येतो. क्रूचा पास रोज थेट विमानापर्यंत नेतो, तो दुसऱ्याच्या हाती पडला तर काय, ही खरी भीती. त्या पासामागचा माणूस तोच आहे ना, एवढंच ते यंत्र विचारतं. प्रश्न योग्यच आहे. फक्त विचारायची एकच तऱ्हा ठेवली की असं अडतं.

नोंदणीत तिचे डोळे होते. गेटवर डोळ्यांचं यंत्र नाही, ते माझ्या टेबलावर. जवानाला सोबत घेऊन तिला तिकडे नेलं. रंगीत लेन्स आहेत का विचारलं, नव्हत्या. पहिल्याच फटक्यात जुळलं. पण माझ्या स्क्रीनवरच्या जुळण्याला गेटवर काडीची किंमत नाही. त्यासाठी ड्युटीवरचे साहेब यावे लागले. त्यांनी पास बघितला, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, कंपनीचं पत्र मागितलं, ते टाइप होऊन यायला वेळ गेला. मग रजिस्टरला नोंद, सही, आणि सोबत माणूस देऊन तिला आत सोडलं. पुढे झडती होतीच. ती क्रूलाही चुकत नाही. विमान वीसेक मिनिटं उशिरा उडालं.

मला खटकलं ते वेगळंच. आमच्याकडे सरसकट दोन्ही तर्जन्या नोंदवायची पद्धत. म्हणजे जी बोटं सगळ्यात जास्त कामाला लागतात, नेमकी तीच! इथे चिरेखाणीवरून आलेली माणसं आहेत, बर्फात मासळी उपसणाऱ्या घरांतली पोरं आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दोन्ही अनामिका घेतल्या, लख्ख उठल्या. सगळ्यांचीच एक जादा बोटजोडी घ्यावी असं पत्र वर पाठवलंय, ते विचाराधीन आहे.

तोवर नोंदणीला बसलेल्याला मी आधी विचारते, घरी काजी आहेत का. परवा एक लोडर मुलगा बावरला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आसत. हाडू काय थोडे?"