मनगट झटकलं की काय समजायचं?

मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि त्याची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. विकायला काढू म्हणून फोटोसाठी पुसायला घेतली आणि पुसता पुसता मन बदललं. मी शेवटची सायकल चालवली ती एस. पी. कॉलेजला जाताना. लेडीज सायकल, पुढे जाळी, आणि गिअर म्हणजे आपलेच पाय.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला राजाराम पुलापाशी गेले. दर रविवारी खडकवासल्याला जाणारा पंधरा-सोळा जणांचा ग्रुप तिथे जमतो, एवढंच माहीत होतं. मला कुणी नाव विचारलं नाही. साठी उलटलेल्या एका काकांनी आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सीट मुलाची आहे आणि पाय तुमचे. खाली घ्या."

आणि जर्सीच्या मागच्या खिशातून ॲलन की काढून ते स्वतःच खाली बसले. पायडल तळाशी आणून मला त्यावर टाच ठेवायला लावली. गुडघा सरळ झाला, की उंची बरोबर. मग चवडा ठेवून चालवताना तोच गुडघा जरासा वाकलेला राहतो. पाच मिनिटांत काम झालं आणि काका निघूनही गेले. आपल्याकडे नवख्याचं स्वागत असंच होतं. "या, बसा" नंतर, चूक आधी.

मला त्यांनी रांगेत चौथं ठेवलं, काकांच्या मागे. शेवटी टाकलं असतं तर धायरी फाट्यालाच घरी वळले असते. मधे असलं की वाऱ्याशी भांडायचं काम पुढचे करतात. वेग जरा बरा असला तर पाव हिश्शाच्या आसपास ताकद वाचते म्हणे. नक्कल करणाऱ्याला इतका रोख मोबदला दुसरीकडे कुठे मिळतो? फक्त पुढच्याच्या चाकाकडे टक लावायची नाही, त्याच्या खांद्यावरून पुढे बघायचं. नाहीतर चाकाला चाक लागतं आणि आपण रस्त्यावर.

खुणाही कुणी शिकवल्या नाहीत. पुढच्याने बोट खाली दाखवलं की खड्डा. पंजा वर केला की थांबायचं. हात पाठीमागे नेऊन उजवीकडे हलवला की डावीकडे टेम्पो उभा आहे. पुढच्याने केलं की आपण करायचं, म्हणजे मागच्याला कळतं. मी इमानेइतबारे करत होते. मधेच काकांनी डावं मनगट दोनदा झटकलं. मीही झटकलं. मागच्यानेही. खडकवासल्यापर्यंत हे पाच-सहा वेळा झालं. मला वाटलं, खडी असेल. कुत्रं असेल.

चहाला थांबल्यावर विचारलंच.

"अहो, हात बधिर होतो माझा," काका म्हणाले. "हँडलवर भार पडून करंगळी आणि शेजारचं बोट झोपतं."

माझ्या मागचा म्हणाला, "मी तर हळू घ्यायचं समजलो!" त्याच्या मागचे तिघे काहीच बोलले नाहीत, पण झटकत तेही आले होते.

पुढे मी बऱ्याच गोष्टी उचलल्या. हातमोजे, गॉगल, खिशात राजगिऱ्याचा लाडू. पायडलला बूट अडकवणाऱ्या क्लीट्सही उचलल्या आणि पहिल्याच आठवड्यात सिग्नलला, उभ्या सायकलीवरून, भरलेल्या पीएमपीएमएल बसच्या साक्षीने आडवी झाले. पाच-सहा जणांनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली म्हणून मीही केली. साडेतेरा तासांची मुदत असते, पहिला-दुसरा नंबर नसतो. मी १३ तास १० मिनिटं घेतली. नंबर नसतो ते बरंच आहे.

पण नक्कल करून जे कळत नाही, ते कळतच नाही. गादीवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं, हे दिसणार कसं? दोन महिने मी सोलून निघत होते. शेवटी डोणज्याला एका मैत्रिणीने कानात सांगितलं. आता ग्रुपात नवीन बाई आली की सीटच्याही आधी मी तिला बाजूला घेते.

गेल्या महिन्यात हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा आला, लातूरकडचा. "हेल्मेट मागे गेलंय तुझं," मी म्हटलं आणि मग जीभ चावली. नाव विचारायचं राहिलंच होतं. त्याला माझ्या मागे ठेवलं. मला दर थोड्या वेळाने बाटलीवर थाप मारायची सवय आहे, कारण एकदा ती घाटात पडून घरंगळत गेली होती. चहाच्या टपरीवर त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "ताई, बाटलीवर हात मारला की काय समजायचं?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं, "पुढे चढ आहे."

परवाच्या रविवारी गोळेवाडीच्या अलीकडे, चढ सुरू व्हायच्या जरा आधी, माझ्या पुढे चाललेल्या काकांनी हात खाली नेला आणि बाटलीवर दोनदा थाप मारली.