बेकरीचा गाळा आणि छत्तीस महिन्यांचं लॉक-इन

ड्राफ्ट सकाळी व्हॉट्सॲपवर आला आणि थंब घ्यायला माणूस संध्याकाळी सहाला येणार होता. पुण्यात लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याच्या कराराचं, हे नेहमीचंच. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन दारात येतो, अर्ध्या तासात काम उरकतं. मग करार वाचायलाही अर्धा तास पुरेल, असं लोक धरून चालतात.

पक्षकार बाईंना बेकरीसाठी कोथरूडमध्ये तळमजल्यावरचा गाळा घ्यायचा होता. मुदत ६० महिने, भाडं ६०,००० रुपये, दरवर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट ४ लाख. ओव्हन, काउंटर आणि आतलं काम मिळून १४ लाखांचा खर्च. "मॅडम, पासष्टवरून साठवर आणलंय. आकडे बरोबर लिहिलेत का, तेवढंच बघा," त्या म्हणाल्या. आकडे बरोबर लिहिले होते.

गडबड नवव्या कलमात होती. "लायसन्सी यांनी ३६ महिन्यांपूर्वी जागा सोडल्यास उर्वरित कालावधीचे संपूर्ण भाडे देय राहील. लायसन्सर यांस कोणतेही कारण न देता ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपुष्टात आणता येईल." लायसन्सी म्हणजे जागा घेणाऱ्या बाई, लायसन्सर म्हणजे मालक. थोडक्यात, लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार न मोडण्याचं बंधन, फक्त एका बाजूला. दहा महिन्यांनी बेकरी बंद करावी लागली तर उरलेल्या २६ महिन्यांचं भाडं, वाढ धरून, सुमारे १६ लाख ७० हजार होतं. उलट अकराव्या महिन्यात मालकाला जास्त भाडं देणारा कोणी भेटला, तर बाईंनी तीस दिवसांत ओव्हन उचलायचा.

इथे कायद्याचं एक कलम लोकांना अर्धवट ठाऊक असतं. करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाईच देतं. खरं आहे, पण त्याचा आधार कोर्टात गेल्यावर. डिपॉझिटचे ४ लाख मालकाच्या खात्यात असतात, त्याला दावा लावायची गरजच नसते. दावा तुम्ही लावायचा, वकील तुम्ही करायचा, तारखाही तुम्हीच मोजायच्या. त्यामुळे "असं कलम कोर्टात टिकत नाही" हा सल्ला सही करणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही.

दुसरा मुद्दा गाळा विकला जाण्याचा, आणि त्याबद्दल ड्राफ्टमध्ये एक ओळही नव्हती. लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे. जागेत कुठलाही हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरण्याची परवानगी मिळते. १८८२च्या ईझमेंट ॲक्टचं ५९वं कलम सांगतं की मालकाने जागा दुसऱ्याला दिली तर नवा मालक ते लायसन्स मानायला बांधील नाही. घर भाड्याने घेणारा सामान उचलून जाऊ शकतो. फरशी, ड्रेनेज आणि चिमणी बसवलेल्या बेकरीला ते जमत नाही.

मग करारातले कागद बाजूला ठेवून बाहेरचे कागद मागवले. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश, काढला. गाळा वडिलांच्या नावावर, वडील वारलेले. करारात सही एकट्या मुलाची. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव होतं आणि वारसांत आई आणि अमेरिकेत राहणारी बहीणही होती. त्याच सर्चमध्ये बँकेची नोटीस ऑफ इंटिमेशन दिसली. महाराष्ट्रात मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं की ही नोटीस ३० दिवसांत दाखल करावी लागते, म्हणून अशी गहाणं शोधायला ती फार उपयोगी पडते. म्हणजे गाळ्यावर कर्ज होतं. हप्ते थकून सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी बँकेला दावा न लावता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) बँकेने ताबा घेतला, तर साध्या लायसन्सीला बँकेपुढे उभं राहायला फारशी जागा नसते.

दुपारी एजंटचा फोन आला. "मॅडम, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळे ह्याच्यावरच सह्या करतात." मी म्हटलं, फॉरमॅट स्टँडर्ड असेल, पण तीन वारसांपैकी एकाचीच सही हे कुठल्या फॉरमॅटात बसतं? "बघतो" म्हणून त्याने फोन ठेवला. थंबवाल्याला बाईंनी स्वतःच "आज नको" म्हणून कळवलं. टोकनचे २५,००० त्यांनी आधीच दिले होते. ते बुडतील ही भीती होती, म्हणून पुढे ढकलण्याचं कारण लेखी, वारसांच्या सह्यांचा उल्लेख करून, मेसेजवर पाठवायला सांगितलं.

विजेचं प्रकरण वेगळंच निघालं. मीटर सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट. त्यांच्या डेक ओव्हनला एकट्याला १२ लागत होते. मिक्सर, फ्रीज आणि एसी धरून २०च्या घरात. भारवाढीचा अर्ज ज्याच्या नावे मीटर तो करतो, आणि मीटरही वडिलांच्याच नावे. केबल सोसायटीच्या मीटर रूममधून जाणार, म्हणजे सोसायटीची एनओसी लागणार. ड्राफ्टप्रमाणे भाडं मात्र चावी मिळाल्या दिवसापासून सुरू.

मालक तसा वाकड्यात शिरणारा नव्हता, हे सांगायला हवं. ड्राफ्ट त्यानेही वाचला नव्हता. समोरासमोर बसल्यावर बहुतेक गोष्टी मान्य झाल्या. लॉक-इन १८ महिने आणि दोन्ही बाजूंना. त्यानंतर दोघांनाही तीन महिन्यांची नोटीस. गाळा विकला तर खरेदीखतात या कराराचा उल्लेख करून नव्या मालकाला डिपॉझिटसह तो बांधील करायचं. ते न केल्यास १४ लाखांचा आतला खर्च ३६ महिन्यांत दरमहा सुमारे ३९,००० रुपयांनी घटवत, जेवढा उरेल तेवढा मालकाने भरून द्यायचा. बँकेचं संमतीपत्र कराराला जोडायचं, आणि बँकेची थकबाकीची नोटीस आली तर बाईंनी भाडं थेट कर्जखात्यात भरायचं, ते भाडं दिल्यासारखंच धरायचं. भाडं सुरू व्हायची तारीख वाढीव भार मंजूर झाल्यापासून, पण चावी मिळाल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस. ही कमाल मुदत मालकाने घालून घेतली आणि ती रास्तच होती. वीज कंपनीच्या उशिराचा भुर्दंड त्याने एकट्याने का सोसावा?

डिपॉझिटवर तो अडला. परतीसाठी ड्राफ्टमध्ये "योग्य कालावधीत" असं लिहिलं होतं. "मला पैसे फिरवायला महिना लागेल," तो म्हणाला. शेवटी ठरलं की शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं आणि उरलेली रक्कम चावी देतानाच खात्यात. ती येईपर्यंत बाई भाडं न देता ताबा ठेवू शकतील. डिपॉझिटच्या भांडणात व्याजाच्या कलमापेक्षा हे वाक्य जास्त कामाला येतं.

खर्चाची घासाघीस थोडक्यात आटोपली. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर दरसाल १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के: इथे सुमारे १०,४५० रुपये. नोंदणी फी १,००० रुपये. हा खर्च निम्मा-निम्मा. नोंदणीची जबाबदारी ड्राफ्टने बाईंवर टाकली होती, ती काढली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने ती मालकाची आहे, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड त्यालाच होऊ शकतो. "लागू कर वेगळे" या शब्दांकडेही बोट दाखवलं. मालक जीएसटीत नोंदलेला नव्हता, बाईंची नोंदणी होणार होती. अशा वेळी १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः सरकारला, भरायचा असतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या सोप्या कर योजनेत, असेल तर नाही. हा कर बाईंच्या महिन्याच्या हिशोबात धरलेलाच नव्हता.

बहिणीचं कुलमुखत्यारपत्र यायला वेळ लागला. तिने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही केली. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, ती भरली. बँकेचं पत्र त्याआधीच आलं होतं. थंब झाला तेव्हा आई, मुलगा आणि बहिणीचा मुखत्यार म्हणून पुन्हा तोच मुलगा, असे मालकाच्या बाजूचे अंगठे लागले. चावी घेताना मीटरचं रीडिंग, शटरची अवस्था आणि मागच्या भिंतीवरची ओल यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला मेलवर पाठवले. त्या ओलीची दुरुस्ती कोणाची, एवढा एकच मुद्दा करारात सुटला होता. तो मेलच्या उत्तरात मालकाने स्वतःकडे घेतला.